तगरीवरची ती मोठी हिरवी अळी: ओलिएंडर हॉक मॉथ घरी कसा वाढवायचा

पावसाळा सुरू झाला की गार्डनिंगच्या प्रत्येक ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तगरीच्या फांदीवर बोटाएवढी जाड हिरवीगार अळी, डोक्याजवळ दोन निळे डोळे आणि खाली प्रश्न, "हे काय आहे, कोणतं औषध मारू?" तर कृपा करून काहीही मारू नका. ही ओलिएंडर हॉक मॉथची अळी आहे, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी, लिनियसने १७५८ साली याची नोंद केली. आपल्याकडे दिसणाऱ्या सगळ्यात देखण्या पतंगांपैकी हा एक. हिरव्याच्या चार-पाच छटा, मध्येच गुलाबी आणि फिकट पट्टे, पंख पसरले की ९ ते ११ सेंटिमीटर, आणि हे सगळं तुमच्या सोसायटीच्या कुंपणावर घडत असतं पण आपण औषध मारून मोकळे होतो.

पहिल्यांदाच अळी वाढवून बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जंगलात जायची गरज नाही, सामान घरातलंच लागतं आणि सुरुवातीला यापेक्षा चांगली जात मला तरी माहीत नाही, कारण अळी मोठी, केस नाहीत, चावत नाही, आणि हिचं झाड गल्लोगल्ली आहे.

सुरुवात झाडापासून

नवीन लोक अळी शोधत बसतात, त्याआधी झाड ओळखायला शिका. पतंगाची मादी कुठेही अंडी घालत नाही, अळीला जे झाड चालतं त्याच्यावरच घालते. या पतंगाला चालणारी झाडं कण्हेरीच्या कुळातली, म्हणजे पान तोडलं की बहुतेक वेळा चीक येतो ती. आपल्याकडे सगळ्यात जास्त अळ्या सापडतात त्या तगरीवर, एकेरी तगर असो की डबल, दोन्ही चालतात. मग कण्हेर, म्हणजेच ओलिएंडर, जी देवळाबाहेर, अंगणात आणि हायवेच्या मधल्या दुभाजकावर लावलेली असते (दुभाजकावर जाऊन अळ्या शोधू नका, गाड्या थांबत नाहीत). सदाफुलीवर पण सापडतात, हीच ती सदाफुली जिच्यापासून कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं मिळाली. आणि टेरेसवर अडेनियम ठेवणाऱ्यांना तर ही अळी चांगलीच ओळखीची असते, एका रात्रीत कुंडी बोडकी करते म्हणून.

आता काळजीची गोष्ट, ही नीट वाचा. कण्हेर विषारी आहे, पान, फूल, खोड, बी, सगळं. त्यातलं विष थेट हृदयावर परिणाम करतं, गुरं म्हणूनच तिला सहसा तोंड लावत नाहीत. सदाफुली, अडेनियम, तगर यांचा चीकही डोळ्यात किंवा तोंडात जाता कामा नये. अळी हे सगळं खाऊन ठणठणीत राहते कारण कण्हेरीचं विष तिच्या आतड्यातून शरीरात फारसं शिरतच नाही, लेंडीवाटे निघून जातं. आपल्याकडे ती सोय नाही. पानं तोडली की हात साबणाने धुवायचे, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं दूर ठेवायची, आणि कण्हेरीची पानं फ्रिजमध्ये भाजीशेजारी अजिबात ठेवायची नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर मी म्हणेन कण्हेर आणूच नका, तगरीवर काम भागतं.

अजून एक, नर्सरीतून कालच आणलेल्या झाडाची पानं अळीला देऊ नका. बऱ्याच नर्सऱ्यांमध्ये अंतरप्रवाही कीटकनाशकं वापरतात, ती मुळातून किंवा पानातून आत शिरून झाडभर पसरतात आणि वरून धुऊन जात नाहीत. पानं स्वच्छ दिसतात आणि अळी दोन दिवसांत लटकते. ज्या झाडावर काही मारलेलं नाही याची खात्री आहे तेच झाड धरा.

अळी शोधायची कशी

वर नाही, खाली बघा. खरंच, झाडाखालच्या फरशीवर, मातीवर, पार्क केलेल्या गाडीच्या बॉनेटवर काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसतात, मिरीच्या दाण्याएवढ्या, त्यांना उभ्या खाचा असतात. लेंडी दिसली की तिच्या बरोबर वर मान करा आणि फांदी फांदी बघत जा. लेंडी मोठी म्हणजे अळी मोठी. ओली आणि गडद असेल तर अळी अजून तिथेच आहे, कोरडी फिकट झाली असेल तर ती खाली उतरून गेली असण्याची शक्यता जास्त, किंवा बुलबुलाने उचलली.

दुसरी खूण शेंड्याची. टोकाची कोवळी पानं गायब आणि नुसते देठ उभे. मोठी अळी दिवसा बऱ्याचदा आतल्या सावलीत पानाच्या खाली किंवा देठाला चिकटून बसते, रंग इतका जुळतो की समोर असून दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी टॉर्च घेऊन बघितलं तर सोपं जातं. अंडी बघायची असतील तर कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू तपासा, फिकट हिरवा गोल मणी, जेमतेम दीड मिलिमीटरचा, एकेकटा चिकटवलेला. मादी एका जागी ढीग घालत नाही. उबदार हवेत अंडं चार-पाच दिवसांत फुटतं.

जूनपासून दिवाळीपर्यंत शोधाल तर सापडण्याची शक्यता सगळ्यात चांगली, पावसाने नवीन पालवी येते ना.

हीच आहे का ती?

अंड्यातून निघालेली अळी ३-४ मिलिमीटरची, पिवळी, आणि शेपटीवर लांब बारीक काळं शिंग. ती आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग हिरवी होते, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ आणि रेघेच्या आसपास निळसर पांढरे ठिपके. थोडी मोठी झाली की डोक्यामागे ते दोन डोळे उमटतात, निळे-पांढरे, काळ्या कडेचे. ते डोळे नाहीतच, नुसते ठिपके. तिला डिवचलं की ती खरं डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते आणि मग ते ठिपके असे वटारतात की पक्षीही क्षणभर थबकतो. शेवटच्या टप्प्यात शिंग आखूड, पिवळसर, खाली वळलेलं असतं आणि अळी ७-८ सेंटिमीटर भरते. ते शिंग मऊ असतं, टोचत नाही, त्यात विष नाही. काही अळ्या हिरव्याऐवजी तपकिरी-गुलाबी पण होतात, घाबरू नका, जात तीच.

कण्हेरीवर दुसरी एक अळी सापडते, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि पाठीवर लांब काळ्या मिशांसारखे धागे, ती कॉमन क्रो या फुलपाखराची आहे, तिचा कोष चंदेरी आरशासारखा चमकतो. तीही वाढवा, पण ती वेगळी. आणि पिवळे बारीक किडे घोळक्याने शेंड्याला चिकटलेले दिसले तर तो मावा.

केसाळ अळी दिसली तर मात्र हात लावायचा नाही, या झाडावर असो की कुठेही. खाज आणि पुरळ येऊ शकते. हॉक मॉथच्या अळीला केस नसतात, हा नियम सुरुवातीला पुरेसा आहे.

झाडावरच ठेवायची की घरात आणायची

माझं स्पष्ट मत, झाड तुमच्या अंगणात किंवा गॅलरीत असेल तर अळी झाडावरच राहू द्या आणि त्या फांदीला जाळीची पिशवी बांधा. मच्छरदाणीचं कापड किंवा ऑर्गन्झा, दोन्ही बाजूंना नाडी, एका बाजूने फांदी आत जाते आणि दोन्ही टोकं घट्ट बांधायची. पानं ताजी राहतात, हवा खेळती राहते, तुमचं काम फक्त लेंड्या झटकणं आणि पानं संपली की पिशवी दुसऱ्या फांदीवर हलवणं. पिशवी बांधायच्या आधी आत कोळी किंवा मुंग्या नाहीत ना ते बघा नाहीतर तुम्हीच शिकारीला शिकाऱ्याबरोबर कोंडून ठेवाल.

घरात आणणार असाल तर रुंद तोंडाची मोठी बरणी घ्या, फरसाणवाल्यांकडे ५ लिटरची प्लास्टिकची मिळते ती चालते. धुवायची, पूर्ण कोरडी करायची, झाकणाऐवजी मलमलचं कापड आणि रबरबँड. झाकणाला चार भोकं पाडून भागत नाही, पानांच्या दमटपणाने आत पाणी धरतं आणि बुरशी येते. खाली वर्तमानपत्र किंवा टिश्यू, रोज बदलायचा. एका बरणीत एक अळी, फार तर दोन. गर्दी झाली की रोग पसरतो, आणि एकदा अळ्या मऊ-काळ्या पडून लोंबायला लागल्या की त्यावर उपाय नसतो, ती बरणी बाजूला काढायची, उकळत्या पाण्याने धुवायची.

अळीला चिमटीत धरून ओढायचं नाही. ती पायांनी इतकं घट्ट धरते की ओढलं तर जखम होते. ज्या पानावर किंवा डहाळीवर बसली आहे तीच कापून आणायची.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचं नाही, तिथे फोटो काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो अळीलाही लागू होतो असं समजूनच वागा. घराजवळ भरपूर सापडतात.

खाणं

इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम. जी अळी तगरीवर सापडली तिला शेवटपर्यंत तगरच. कागदावर कण्हेर, सदाफुली, तगर सगळंच चालतं, पण एका झाडावर वाढलेली अळी मध्येच दुसरं पान दिलं तर अनेकदा तोंड फिरवते आणि उपाशी राहते. कोथिंबीर, पालक, कोबी वगैरे देऊन बघू नका, ती मरेल पण खाणार नाही. म्हणूनच घरी आणण्याआधी हिशोब करा की पुढचे दोन-तीन आठवडे त्याच झाडाची पानं मला रोज मिळणार आहेत का. शेवटच्या चार-पाच दिवसांत ती जेवढं खाते तेवढं आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून खात नाही, बरणीत संध्याकाळी भरलेली डहाळी सकाळी नुसती काडी झालेली असते.

डहाळी पाण्यात उभी करायची असेल तर छोट्या बाटलीत, आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवायचं. उघड्या पाण्यात अळी उतरते आणि बुडते, हे इतक्या लोकांकडे होतं. पानं धुतली तर पुसून कोरडी करूनच द्या. पाणी वेगळं ठेवायची गरज नाही, तिला पानातूनच मिळतं. लहान अळीला कोवळी पानं, मोठीला जून पण चालतात.

मध्येच एखादा दिवस ती खाणं थांबवते, डोकं थोडं वर करून गप्प बसते. आजारी नाही, कात टाकायची तयारी आहे. अशा वेळी तिला हलवायचं नाही, पानं बदलायची असली तरी ती बसलेली डहाळी तशीच राहू द्यायची. कात टाकताना पाय सुटले तर ती अडकून मरू शकते. अशी ती चार वेळा कात टाकते.

बरणी उन्हात नको, खिडकीच्या काचेला लागून तर नकोच. आणि ज्या खोलीत अळी आहे तिथे मच्छरची कॉइल, लिक्विडचं मशीन, झुरळाचा स्प्रे काहीही लावायचं नाही. डासांना मारणारं औषध अळीलाही मारतं, यात तिचा वेगळा विचार कोणी केलेला नसतो. घरात रोज मशीन लागत असेल तर बरणी गॅलरीत ठेवा, पण मुंग्या चढणार नाहीत अशी, म्हणजे पाण्याच्या ताटात वाटी उपडी आणि तिच्यावर बरणी.

रंग बदलला, आता काय

एक दिवस अळी पाठीवर गडद तपकिरी-जांभळी व्हायला लागते, पातळ शी करते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. पहिल्यांदा बघणारे हमखास घाबरतात, पण हीच तर खूण, ती कोषात जायला निघाली आहे. झाडावर असती तर खाली उतरून पाचोळ्यात शिरली असती. हॉक मॉथच्या बऱ्याच जाती जमिनीत खोल जातात, ही साधारणपणे वरच्यावर सुकी पानं रेशमाच्या चार धाग्यांनी जोडून आतच कोष करते.

म्हणून आता पानं काढून टाका, बरणीच्या तळाला बोट-दोन बोटं कोरडसर कोकोपीट आणि वर भरपूर सुका पाचोळा घाला, वरून अंधार व्हावा म्हणून कापड टाका. जाळीच्या पिशवीत असेल तर तिला आत्ता घरात आणायलाच हवं, पिशवीत पाचोळा नसतो. मग तीन-चार दिवस उघडून बघायचं नाही. अळी आखडते, मग कातडं फाटतं आणि आतून कोष निघतो, तो पहिल्या दिवशी इतका मऊ असतो की बोटाचा ठसा उमटेल. नंतर टणक होतो, फिकट तपकिरी, बाजूंनी काळे ठिपके, ५-७ सेंटिमीटर लांब. हळूच स्पर्श केला तर शेपूट वळवतो, म्हणजे जिवंत आहे. पाचोळ्यावर दोन दिवसांनी पाण्याचा बारीक फवारा, चिखल नाही करायचा.

कधी कधी अळीतून किंवा कोषातून पतंगाऐवजी माश्या निघतात, किंवा अळीच्या अंगावर तांदळासारखे पांढरे छोटे कोष दिसतात. परजीवी माश्या आणि गांधीलमाशीच्या बारीक जाती अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात आणि ती अळी तुमच्याकडे येण्याआधीच हे झालेलं असतं. वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं. पण बागेत अळ्यांची संख्या त्यांच्यामुळेच ताब्यात राहते, त्या माश्यांनाही सोडून द्या आणि फोटो काढून ठेवा, कोणत्या अळीतून कोणती माशी निघाली ही माहिती अभ्यासकांना फार उपयोगी पडते.

पतंग बाहेर येतो तेव्हा

उबदार दिवसांत साधारण दोन आठवडे, थंडीत जास्त. कोष गडद व्हायला लागला आणि आतून पंखांचा रंग दिसायला लागला की तयारी करा, म्हणजे बरणीत एक खडबडीत काडी तिरकी उभी करा किंवा बरणीच्या आत एका बाजूने जाळी चिकटवा. इथेच बहुतेकांचं सगळं वाया जातं. पतंग बाहेर येतो तेव्हा पंख चुरगळलेले आणि ओले असतात, त्याला लगेच वर चढून लटकायचं असतं म्हणजे पंखांत द्रव भरून ते खाली पसरतात. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात, तो खाली पडतो आणि पंख तसेच वाळतात, मग तो आयुष्यात उडत नाही. बरणीपेक्षा कापडी जाळीचा मोठा खोका किंवा कपडे टाकायची जाळीदार बास्केट चांगली, त्यात पाचोळ्यासकट कोष अलगद ठेवून द्या.

बाहेर आल्यावर तो थोडा लालसर तपकिरी द्रव टाकतो. ते रक्त नाही, कोषातला उरलेला निचरा आहे.

लगेच उडवायची घाई करू नका. दिवसभर तो गप्प बसून राहील, अंधार पडायला लागला की पंख थरथरवायला लागतो, हे इंजिन गरम करणं चालू असतं, तेव्हा गॅलरीचे दिवे बंद करून जाळी उघडा. दिवसा सोडला तर कोतवाल आणि साळुंक्या टपलेल्याच असतात, आणि ट्यूबलाइटजवळ सोडला तर तो तिथेच आपटत राहतो आणि पालीच्या तोंडी जातो.

त्याला साखरपाणी पाजत बसायची गरज नाही, त्यापेक्षा फुलं लावा. त्याची सोंड लांब असते, संध्याकाळी फुलासमोर हवेत एका जागी थांबून मध पितो. रात्री उमलणारी, सुगंधी, लांब नळीची फुलं त्याला हवी असतात, जुई, मधुमालती, पिटुनिया. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते आणि पुढच्या दिवसांत गुलाबी मग लाल होते, पांढऱ्या फुलांशी सातच्या सुमारास थांबा, वेगवेगळे हॉक मॉथ दिसतात. बुचाच्या झाडाची लांब देठाची फुलं आणि पपईची फुलं यांचं परागीभवन करणाऱ्यांतही हॉक मॉथ आहेत. म्हणजे तगरीची चार पानं देऊन परसातल्या पपईला मदत मिळते.

हा जमला की पुढे

एकदा झाड आणि पतंग अशी जोडी डोक्यात बसली की मग शोधायला सोपं जातं. अनंतावर दिवसा उडणारा, पारदर्शक पंखांचा हॉक मॉथ मिळतो. करवंदावर वेगळा, रताळ्याच्या वेलावर वेगळा, अळू आणि तेरड्यावर वेगळा, तिळाच्या शेतात पाठीवर कवटीसारखी खूण असलेला. विदर्भात असाल, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, तर ऐन आणि अर्जुनावर टसर रेशमाच्या अळ्या पाळणारी माणसं आहेत, त्यांना भेटा, झाडावरची अळी राखणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. टसरच्या पतंगाला मोठेपणी खायला तोंडच नसतं, अळीने खाल्लेल्यावरच तो जगतो. म्हणजे अळीचं झाड किती महत्त्वाचं ते बघा.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा, तारीख, गाव, कोणतं झाड, आणि अंडं-अळी-कोष-पतंग यांचे फोटो. निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट ॲपवर किंवा मॉथ्स ऑफ इंडियाच्या साइटवर टाका. नुसत्या पतंगाचे फोटो ढिगाने येतात, पण अळी कोणत्या झाडावर होती याची नोंद कमी येते आणि तीच जास्त कामाची. जुलैच्या शेवटी नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून चालू आहे, आपल्याकडेही लोक भाग घेतात, तेव्हा पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघायला बोलावतात, जा.

आणि ज्यांना अळी वाढवायची नाही, फक्त झाड वाचवायचं आहे त्यांनी पण ऐका. तगर आणि कण्हेर पानं खाल्ल्याने मरत नाहीत, महिन्याभरात पुन्हा भरतात. अडेनियमची कुंडी प्रिय असेल तर अळी डहाळीसकट उचलून कुंपणाच्या तगरीवर ठेवा, आणि ती तगर खाते आहे का ते परत जाऊन बघा. नीम तेल "नैसर्गिक" आहे म्हणून मारू नका, त्यानेही अळी मरते. सोसायटीत औषध मारणारा येतो त्याची तारीख आधी विचारून घ्या आणि माळीकाकांना अळी हातावर घेऊन दाखवा, पतंगाचा फोटो दाखवा, तगरीची एक रांग फवारणीतून वगळायला सांगा. छाटणी करायची असेल तर कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत टाकण्याआधी एक दिवस झाडाशेजारीच पडू द्या, म्हणजे त्यांच्यावरच्या अळ्यांना उतरून पुन्हा झाडावर चढायला वेळ मिळतो.